जाणत्या प्रेक्षकाचा कौल

मंडणगड तालुक्यातल्या माणसाला रामायणाची गोष्ट ऐकवायला निघालेल्याने जरा जपूनच निघावे. सावित्रीच्या खाडीपासून आतल्या डोंगरवाड्यांपर्यंत या मुलखात जाखडीची परंपरा आहे. गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावी आले की ढोलकीवर थाप पडते, पायात चाळ बांधलेली पोरे रिंगण धरतात, आणि मध्ये बसलेला शाहीर समोरच्या फळीला सवाल टाकतो. शक्ती आणि तुरा या दोन पक्षांतले हे सवाल पुराणांतले, रामायण-महाभारतातले असतात. जबाब चुकला तर भोवती बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो लगेच कळतो. गोष्ट सगळ्यांना आधीपासून पाठ असते. पाहायचे असते ते एवढेच, की यंदाच्या शाहिराने ती कशी मांडली.

सिनेमावाल्यांनी ज्याला गृहीत धरू नये असा हा प्रेक्षक आहे. १६ जून २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘आदिपुरुष’ या चित्रपटाने नेमके तेच केले आणि त्याचे काय झाले ते साऱ्या देशाने पाहिले. त्या फजितीला आता काही काळ लोटला आहे. राग निवला आहे, थट्टाही जुनी झाली आहे. म्हणूनच त्या रागाचा अर्थ शांतपणे तपासून पाहायला हरकत नाही. कारण रामायणावरचा आणखी मोठा चित्रपट दोन भागांत करण्याची घोषणा झालेली आहे, आणि तोच प्रश्न पुन्हा आपल्या दारात येणार आहे.

अपेक्षा घरच्याच होत्या

मराठी प्रेक्षकाला ‘आदिपुरुष’बद्दल विशेष ओढ वाटावी अशी कारणे होती. दिग्दर्शक ओम राऊत. त्यांचा ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ २०१५ मध्ये आला आणि २०२० च्या जानेवारीत आलेल्या ‘तान्हाजी’ने तर हिंदीत घवघवीत यश मिळवले. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ हे गाव पोलादपूर तालुक्यातले. त्याच मुलखातून वाहत येणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. तेव्हा मंडणगडच्या माणसाला तो चित्रपट शेजारच्या घरचा वाटला तर नवल नव्हते. नव्या चित्रपटाची प्रमुख गाणी अजय-अतुल यांची होती. हनुमानाच्या भूमिकेत ‘जय मल्हार’ मालिकेतून घराघरांत पोचलेले अलिबागचे देवदत्त नागे होते. आणि रामाच्या भूमिकेत ‘बाहुबली’चा प्रभास! तलवारी, राक्षस, मायावी शक्ती आणि देवत्व हे सारे एकाच पडद्यावर, तेही पाचशे कोटींच्या घरातला खर्च करून, मिळणार होते.

पहिला धक्का २ ऑक्टोबर २०२२ रोजी अयोध्येत दाखवलेल्या झलकेनेच बसला. संगणकावर रचलेली दृश्ये खेळण्यांसारखी दिसतात, रावणाचा अवतार लंकेश्वराचा न वाटता परदेशी लुटारूचा वाटतो, अशी टीका झाली. ठरलेली जानेवारीची तारीख पुढे ढकलून दृश्यांवर पुन्हा काम करण्यात आले. तरीही प्रदर्शनाच्या दिवशी चित्रपटगृहे भरली. पहिल्या तीन दिवसांत जगभरात ३४० कोटींची उलाढाल झाल्याचा दावा निर्मात्यांनी केला. चौथा दिवस सोमवारचा होता. त्या दिवसापासून गर्दी अशी ओसरली की आठवडा पुरा होण्याच्या आत तिकिटे दीडशे रुपयांवर आणावी लागली. लोक आले, त्यांनी पाहिले, आणि घरी जाऊन शेजाऱ्याला ‘जाऊ नको’ म्हणून सांगितले.

दहा तोंडांचा हिशेब

लोक नेमके कशावर चिडले? सर्वांत जास्त बोलबाला झाला तो संवादांचा. हनुमानाच्या तोंडची भाषा रस्त्यावरच्या टवाळाची आहे, असे लोकांचे म्हणणे होते. त्यावर लेखकाचा पहिला बचाव असा, की आजच्या पिढीला कळावे म्हणून भाषा सोपी केली. वरवर पाहता हा बचाव पटण्यासारखा आहे. पण कोकणातल्या रंगभूमीच्या कसाला तो उतरत नाही.

आपल्या लोकनाट्यात देवादिकांच्या कथा कधी संस्कृतप्रचुर भाषेत सांगितल्याच गेल्या नाहीत. गुहागर-संगमेश्वरकडच्या नमन-खेळ्यांत संकासुर येतो, तो गावच्या बोलीत बोलतो, पुढे बसलेल्या मानकऱ्यांचीही फिरकी घेतो. गवळणीत पेंद्या वाटेल ते बरळतो. त्यावर कुणी रागावत नाही. का? कारण तिथे कुणी काय बोलायचे याची रीत पक्की आहे. थिल्लर बोलणे हा संकासुराचा आणि पेंद्याचा हक्क आहे, मारुतीचा नाही. मारुती म्हणजे बुद्धिमंतांतला श्रेष्ठ. लंकेत शत्रूच्या दरबारात उभा राहूनही तो दूताची मर्यादा सोडत नाही. प्रेक्षक चिडला तो भाषा सोपी झाली म्हणून नव्हे. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी घातले गेले, हे त्याला खटकले.

दृश्यांचेही तसेच. नमनातला रावण दहा तोंडांचा साज चढवून अंगणात येतो. साज कशाचा केला आहे, दोरी कुठे बांधली आहे, हे समोर बसलेल्या पोरालाही दिसते. तरी ते पोर आईच्या पदराआड दडते. पाहणारा तिथे आपली कल्पनाशक्ती स्वतःहून उसनी देतो. कोट्यवधी रुपये खर्चणारा चित्रपट मात्र म्हणतो, ‘तू काही कल्पना करू नकोस, मी सगळे हुबेहूब दाखवतो.’ असे म्हटल्यावर प्रेक्षक साहजिकच पारख करायला बसतो. मग वानरांची फौज खोटी दिसली की ती नुसतीच खोटी दिसते. तिला सांभाळून घ्यायला कुणी उरत नाही.

नव्याचा तिटकारा? मुळीच नाही

या साऱ्या गदारोळात काही जाणकारांनी प्रेक्षकांनाच दोष दिला होता. लोकांना १९८७ च्या रामानंद सागरांच्या मालिकेपलीकडे काही नकोच असते, असे त्यांचे म्हणणे. यात थोडे तथ्य आहे. कोकणातल्या कित्येक वाड्यांत तेव्हा एखाददुसराच दूरचित्रवाणी संच असे आणि रविवारी सकाळी सारी वाडी त्याच्यापुढे बसे. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून तीच मालिका पुन्हा लागली. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने सांगितले. मनात अशी पक्की बसलेली मूर्ती हलवणे कुणालाही कठीणच.

पण मराठी माणसाचा इतिहास काही वेगळे सांगतो. एकनाथांनी भावार्थ रामायण लिहायला घेतले ते मराठमोळ्या बोलीत. युद्धकांडाच्या मध्यावर त्यांनी देह ठेवला, पुढचा ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला, आणि लोकांनी दोघांचे मिळून एकच रामायण मानले. मोरोपंतांनी तर एकशे आठ रामायणे रचल्याचे सांगितले जाते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या, तरी लोकांनी गर्दी केली. फाळक्यांच्या १९१३ च्या हरिश्चंद्राची कथा ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलपटात आणली. १९२९ चा आपलाच मूक ‘गोपाळकृष्ण’ त्यांनी १९३८ मध्ये बोलता केला. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले माडगूळकर-फडक्यांचे ‘गीतरामायण’ हीसुद्धा रामकथेची नवी मांडणीच होती. ५६ गाणी, बहुतेक निरनिराळ्या पात्रांच्या तोंडची. घरोघरी रेडिओला हार घातले गेले.

याहून बोलका दाखला जपानचा आहे. युगो साको या जपानी माणसाने पुढाकार घेऊन, आपल्या राम मोहन यांच्या साथीने, रामायणावर चित्रमय चलत्पट केला. तो १९९० च्या दशकात तयार झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये इथल्या चित्रपटगृहांत नव्याने लागला. त्यातला राम जपानी व्यंगचित्रांच्या वळणाचा आहे, मोठ्या डोळ्यांचा. पण ज्या लोकांनी ‘आदिपुरुष’ला नाके मुरडली, त्यांच्यातल्याच अनेकांनी आधीपासून ‘यापेक्षा ते जपानी रामायण पाहा’ असा लकडा लावला होता. म्हणजे परका हात चालतो, नवे रूपही चालते. कथेशी इमान मात्र हवे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. ‘कॉनन द बार्बेरियन’ हा तलवारी आणि जादूटोण्याचा चित्रपट १९८२ मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरने गाजवला. २०११ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. रक्त अधिक, तंत्र अधिक, पण चित्रपटगृहांतून निर्मितीचा खर्चही वसूल झाला नाही. १९८१ च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’मधले राक्षस रे हॅरीहाउसेन यांनी हाताने बनवलेल्या बाहुल्या इंचाइंचाने हलवून जिवंत केले होते. २०१० च्या नव्या आवृत्तीने गल्ला भरपूर जमवला, तरी जुन्यांची हळहळ थांबली नाही. आपल्याकडे २००८ मध्ये महाभारतावर नव्या थाटाची मालिका आली होती, तीही काही महिन्यांत गुंडाळावी लागली. जुनी कथा हाती घेणाऱ्याला प्रेक्षक आयता मिळतो. पण तो प्रेक्षक रिकाम्या मनाने येत नाही, हे विसरले की गाडे घसरते.

रागाचे तीन रस्ते

इथवर प्रेक्षकाची बाजू मांडली. आता त्याच्या रागाकडेही जरा कठोरपणे पाहिले पाहिजे, कारण तो राग तीन रस्त्यांनी गेला आणि तिन्ही रस्ते सारखे नाहीत.

पहिला रस्ता थट्टेचा. लोकांनी नकला केल्या, विनोद रचले. हा आपला जुना रस्ता आहे आणि तो निरोगी आहे. दुसरा रस्ता खिशाचा. चौथ्या दिवसापासून लोकांनी जाणेच सोडले. हाही कौल स्वच्छ होता.

तिसरा रस्ता दंडुक्याचा. प्रदर्शनाच्याच दिवशी हैदराबादेत चित्रपट आवडला नाही असे सांगणाऱ्या प्रेक्षकाला चाहत्यांनी मारहाण केल्याची बातमी आली. सीतेच्या जन्मभूमीविषयीच्या एका संवादावरून काठमांडूच्या महापौरांनी शहरात सगळ्याच हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. आपल्याकडे प्रमाणपत्र रद्द करा, बंदी घाला, अशा मागण्या झाल्या. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्मात्यांना खडसावले. अखेर २१ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कार्यवाहीला स्थगिती दिली आणि प्रमाणपत्र रद्द करण्याची वेगळी याचिका ऐकण्यास नकार दिला.

यावर श्रद्धाळू माणूस म्हणेल, ‘कॉननचे ठीक आहे, राम म्हणजे काही नुसते पात्र नव्हे.’ हे म्हणणे हलक्यावारी उडवून लावण्यासारखे नाही. शिवाय या चित्रपटाच्या प्रत्येक खेळाला एक खुर्ची हनुमानासाठी मोकळी ठेवण्याचे निर्मात्यांनीच जाहीर केले होते. श्रद्धेला तिकीटखिडकीवर उभे केले, की श्रद्धेला जाबही द्यावाच लागतो. पण तो जाब बंदीवाचून मिळाला, हे इथे ध्यानात घ्यावे. प्रदर्शनानंतर तीन दिवसांच्या आत संवाद बदलण्याची घोषणा झाली, जुलैत संवादलेखकाने हात जोडून माफी मागितली. जे काम रिकाम्या खुर्च्यांनी केले, ते बंदीने अधिक चांगले केले असते काय? बंदी आली असती तर फसलेला चित्रपट हुतात्मा ठरला असता, आणि पुढचा दिग्दर्शक अधिक अभ्यास करण्याऐवजी नुसता अधिक घाबरला असता. घाबरलेल्या माणसाच्या हातून रामकथा चांगली होत नाही.

जाखडीच्या फडात हे शहाणपण मुरलेले आहे. समोरच्याचा जबाब चुकला तर ढोलकी फोडायची नसते. त्याहून सरस जबाब बांधायचा असतो.

खरी काळजी

मात्र हे सगळे टिकून आहे ते एका गोष्टीवर. प्रेक्षकाला मूळ कथा ठाऊक असली पाहिजे. ‘आदिपुरुष’ फसला हे लोकांना तत्काळ कळले, कारण त्यांच्या कानांवर आजीचे रामायण होते, हरिदासाचे होते, रविवारच्या मालिकेचे होते, गीतरामायणाचे होते. या पुष्कळ रामायणांशी ताडून पाहिल्यावरच नवे खोटे नाणे वाजले.

मंडणगडसारख्या तालुक्यातून कामधंद्यासाठी मुंबईला जाणे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. वाडीतली कुलुपबंद घरे गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. रिंगणात नाचणारी पोरे मुंबईहून येतात, चार दिवसांत परततात. त्यांच्या धाकट्या भावंडांनी रामायण पाहिले असेल ते मोबाइलवर, तुकड्यातुकड्याने. उद्या ज्या मुलाने एकच रामायण पाहिले असेल आणि तेही पडद्यावरचे, त्याला ते बरे की वाईट हे कशाच्या जोरावर कळावे? तो चिडणारही नाही आणि हसणारही नाही. जे दाखवले तेच खरे म्हणेल. प्रेक्षक रागावतो याची चिंता निर्मात्यांनी करावी. प्रेक्षक रागवायचा थांबेल की काय, याची चिंता आपण घरातल्यांनी करायची आहे.

तेव्हा नवे रामायण पडद्यावर येईल तेव्हा ते मुलांना अवश्य दाखवावे, पण त्याआधी घरी एकदा गोष्ट सांगावी. जमेल तशी, आपल्या बोलीत. चुकलीमाकली तर म्हातारी माणसे दुरुस्त करतील. मग चित्रपटगृहातून बाहेर पडताना ते पोर म्हणेल, ‘आजी, मारुती असा नव्हता गं.’ एवढे म्हणता आले, की रामकथा पुढच्या पिढीच्या हाती पोचली असे समजायला हरकत नाही.