ओढ्याची वाट सोडा

माणगंगा सीतामाईच्या डोंगरात उगवते आणि पुढे भीमेला मिळते. पण मार्चमध्ये तिच्या एखाद्या पुलावर उभं राहून खाली बघा. वेड्या बाभळी, गोटे आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, एवढंच दिसेल. कुणाला विचारलं तर म्हणतात, पाऊसच राहिला नाही हो पहिल्यासारखा. मला हे अर्धंच पटतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून शंभरेक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या आडोशाला, माणदेशात पाचशेच्या आसपास. ढग डोंगर चढताना रिते होतात, उरलंसुरलं आपल्याकडे येतं. आजोबांच्या काळीही असंच होतं.

तरी पाचशे मिलिमीटर पाऊस काही थोडाथोडका नाही. एका एकरावर वीस लाख लिटर पाणी होतं ते. त्यातलं बरंचसं ऊन आणि पिकं परत आभाळाला देतात, काही वाहून जातं आणि थोडं जिरतं. नदीचा खरा हिशेब या थोड्याशा जिरलेल्या पाण्यात आहे. पावसाळा सरल्यावर नदीत जे वाहतं, ते आभाळातून येत नाही, जमिनीतून पाझरून येतं.

एखाद्या जुन्या विहिरीत डोकावून बघा. वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या दगड आणि तळाला काळा कातळ. ओल दिसते ती मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांत. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग या काळ्या दगडावर बसलाय, आणि त्याच्या पोटात पाणी मुरायला जागा फार कमी. आपली पाण्याची कणगी म्हणजे वरचे पन्नास-साठ फूट. तीच विहिरीला पाणी देते, तीच ओढ्याला, आणि ओढ्यातून नदीला. कणगी एक आणि खाणारे तिघं. आपण चौथा आणून बसवला, बोअर.

बोअर घेऊ नका असं सरसकट सांगण्याइतका मी भाबडा नाही. पण दोनशे फुटांवर लागलं नाही म्हणून पाचशेवर जाताय, तर एवढं ध्यानात घ्या की खोल भेगांतलं पाणी वर्षानुवर्षं साचत आलेलं असतं, एका मोसमाच्या पावसानं ते भरून येत नाही. शेजाऱ्यानं सहाशे फूट घेतलं की तुमचं आटतं, मग तुम्ही सातशे. पाणाड्याचा नारळ उभा राहतो, गाडीवाल्याचं बिल होतं आणि कर्ज तेवढं सातबाऱ्यावर चढतं. गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायला १९९३ पासून कायद्यानंच मनाई आहे. हे ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवायला हरकत नाही. हिवरे बाजार या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायचंच बंद केलं. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मगच पिकं ठरवायची, अशी तिथली रीत. पाऊस त्यांच्याकडेही बेताचाच.

आता ओढ्याचं. आमच्या भावकीत एकानं जेसीबी लावून ओढा निम्मा बुजवला आणि अर्धा एकर रान काढलं. आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुकच केलं, मीही केलं. तिसऱ्या वर्षी रात्रीतून ढगफुटीसारखा पाऊस आला. ओढ्यानं नवं रान तर नेलंच, वर खालच्या दोघांचे बांधही नेले. शहरातही तेच होतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढा वस्त्यांत शिरला तेव्हा तो आपल्याच जुन्या वाटेनं चालला होता.

म्हणून ओढ्याला त्याची रुंदी सोडा. काठाचं गवत आणि करंज-उंबर तोडू नका. मुळं पाण्याला थांबवतात, थांबलं की ते मुरतं. खोलीकरण करायचं तर आधी माती उकरून बघा. मुरूम फोडून थेट कातळापर्यंत चर नेला, तर दोन्ही बाजूंच्या रानातली ओल त्या खड्ड्यात उतरते आणि उन्हानं उडून जाते. पाणी दिसतं भरपूर, फोटोही चांगला येतो. वाळूचंही तसंच. नदीतली वाळू म्हणजे पाण्यावर घातलेलं पांघरूण. कणाकणांमध्ये पाणी धरून ठेवते, ऊन खालपर्यंत पोचू देत नाही. रात्री वाळू उपसून नेणाऱ्या ट्रॅक्टरचा रस्ता आपल्याच रानातून जातो, तो अडवता येतो.

आणि एक साधं काम. दोरीला दगड बांधा, विहिरीत तळापर्यंत सोडा, वर काढून ओली दोरी किती हात भरते ते मोजा. दिवाळीला, संक्रांतीला आणि पाडव्याला. आकडा तारखेसह विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं लिहा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. दिवाळीचा आकडा कमी असला तर त्या साली ऊस नको, हरभरा-ज्वारी बघा.