हत्तीच्या कुशीला

शेजाऱ्याशी बिनसले तर माणूस फार तर बिऱ्हाड हलवतो. देशाला ती सोय नाही. कॅनडाला तर मुळीच नाही. त्याच्या दक्षिणेला अमेरिका, वायव्येला अलास्का म्हणजे पुन्हा अमेरिकाच, आणि दोघांमधली सरहद्द ८,८९१ किलोमीटरांची. २०२४ साली कॅनडाने परदेशी जो माल विकला, त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश याच एका शेजाऱ्याच्या दारी गेला. एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानदाराला रात्री झोप कशी लागते, हे ज्याचे दुकान आहे त्यालाच विचारावे.

पंतप्रधान पिअर त्रुदो १९६९ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन हेच सांगून आले होते. आम्हांला हत्तीशेजारी निजावे लागते, तो कितीही गरीब स्वभावाचा असला तरी त्याने अंग हलवले की आम्हांला जाग येते, अशा अर्थाचे ते बोलले. त्यांचे चिरंजीव जस्टिन पंतप्रधान असताना मात्र हत्ती नुसते अंग हलवून थांबला नाही. बिछानाही आपलाच, असे तो म्हणू लागला. निवडून आलेले अध्यक्ष ट्रम्प डिसेंबर २०२४ पासून कॅनडाला अमेरिकेचे एक्कावन्नावे राज्य आणि त्याच्या पंतप्रधानांना ‘गव्हर्नर’ म्हणत होते. पुढे ४ मार्च २०२५ ला कॅनडाच्या मालावर २५ टक्के आणि तेल-विजेवर १० टक्के जकात बसली. दोनच दिवसांत व्यापारकरारात बसणाऱ्या मालाला सूट मिळाली. पोलादावरची जकात मात्र जूनमध्ये ५० टक्क्यांवर गेली.

तो उन्हाळा मी मुलीकडे विंडसरला काढला. विंडसर म्हणजे मोटारींचे गाव. नदीपलीकडे अमेरिकेचे डेट्रॉइट, आणि गंमत अशी की इथून अमेरिका उत्तरेला दिसते! मधे १९२९ सालचा अँबॅसडर पूल. १९६५ च्या करारापासून दोन्ही तीरांवरचे मोटारधंदे एकमेकांत इतके गुंतले आहेत की एखादा सुटा भाग गाडीत बसेपर्यंत हा पूल अनेकदा ओलांडतो. अशा भागावर दर फेरीला जकात घ्यायची, म्हणजे सासर-माहेरच्या प्रत्येक खेपेला सुनेकडून टोल घेण्यासारखेच.

पहिल्याच आठवड्यात मी भाजीच्या दुकानात स्ट्रॉबेरीची पेटी उचलली. मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, ती ठेवा परत. कॅलिफोर्नियाची आहे.” फळीवर कॅनडाच्या मालाला मॅपलच्या पानाची चिठ्ठी लावलेली. लोक चष्मे सावरून चिठ्ठ्या वाचत होते. ऑन्टारिओच्या सरकारी मद्यदुकानांनी तर मार्चमध्येच अमेरिकन बाटल्या फळीवरून उतरवल्या होत्या. (घरगुती अंकात हा विषय आला, त्याबद्दल वडीलधाऱ्यांची क्षमा असावी.) आपल्याकडे विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, त्या गोष्टी मी आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत. इथे होळी नव्हती, घोषणा नव्हत्या. माणसे निमूटपणे पेटी परत ठेवीत आणि पुढे जात. मोटारीने अमेरिकेला जाऊन परतणारे कॅनडियन जून २०२५ मध्ये आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले, तेही असेच, न बोलता.

मुलीच्या शेजारी एक निवृत्त यंत्रकारागीर राहतात. वय सत्तरीपुढचे, बोलणे मोजके. मुलगा सुट्या भागांच्या कारखान्यात. तिथली एक पाळी बंद झाली होती. मी जकातीचा विषय काढला, तर त्यांनी हात झटकला. जकात काय, आज आहे, उद्या नाही, ते म्हणाले. पण माझा देश हा देशच नाही, असे हसत हसत कोणी म्हणावे? तेही ज्याच्याबरोबर आमची पोरे अफगाणिस्तानात मेली त्याने?

मला वाटते, सगळी मेख इथे आहे. टक्क्यांचा हिशेब मिटवता येतो. थट्टेचा मिटत नाही. आणि ही थट्टा कॅनडाच्या फार जुन्या जखमेवर बसते. १८५४ चा व्यापारकरार अमेरिकेने १८६६ मध्ये मोडला, आणि दुसऱ्याच वर्षी विखुरलेल्या वसाहती एकत्र येऊन कॅनडा जन्मला. तेवढे एकच कारण नव्हते, पण होते खरे. १९११ साली अमेरिकेशी जकाती उतरवण्याचा करार केला म्हणून पंतप्रधान लॉरिए निवडणूक हरले. २०२५ च्या जानेवारीत चाचण्यांत वीसेक टक्क्यांनी मागे पडलेला लिबरल पक्ष २८ एप्रिलला मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखाली जिंकला आणि विरोधी नेत्याला स्वतःची जागाही राखता आली नाही. जिंकून देणारा खरा प्रचारक वॉशिंग्टनला बसला होता.

म्हणून कॅनडाची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे, असे मात्र नाही. ठरलेल्या कोट्याबाहेरच्या परदेशी लोण्यावर हा देश जवळजवळ ३०० टक्के जकात घेतो! सगळे प्रांत एका सुरातही नव्हते. तेल विकणाऱ्या अल्बर्टाला शेजाऱ्याशी हातघाई नको होती. ‘कोपरे वर’ ही हॉकीतली आरोळी त्या वर्षी घोषणा झाली खरी, पण १ सप्टेंबरला कार्नी सरकारने बऱ्याचशा अमेरिकन मालावरची उलट जकात काढून घेतली. कोपरे खाली आली, म्हणून लोक चिडले. मला तो शहाणपणा वाटला. शेजारीबोवांना वाटला नाही.

त्या कोपरांचा धनी गॉर्डी हाऊ. जन्म कॅनडाचा, आणि खेळला पंचवीस मोसम डेट्रॉइटकडून. विंडसरला कॅनडाच्या पैशाने बांधलेल्या नव्या पुलाला त्याचेच नाव आहे. मी होतो तेव्हा तो नदीवर जवळजवळ तयार होऊन उभा होता, पण खुला झाला नव्हता.

ऑगस्टअखेरीस भारताच्या मालावरही ५० टक्के जकात बसली. त्या संध्याकाळी शेजारीबोवा कुंपणापाशी आले आणि म्हणाले, “आता तुम्हीही!” बोलण्यात सहानुभूती होती आणि थोडे समाधानही. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन डेट्रॉइटला गेलेली आहे. मार्चपासून त्यांनी पूल ओलांडला नव्हता, म्हणून दर रविवारी तीच येत असे. राजकारण काढायचे नाही, असे दोघांचे ठरलेले. मग हॉकीवर बोलायचे. पण फेब्रुवारीपासून खेळाच्या मैदानावर एकमेकांच्या राष्ट्रगीताला हुर्यो उडू लागल्यामुळे तोही विषय बाद झाला होता. शेवटच्या रविवारी मी पाहिले, तेव्हा दोघे अंगणात बसून टोमॅटोच्या रोपांवरच्या किडीबद्दल फार मन लावून बोलत होते.