पाच मिनिटं दहा सेकंद

वऱ्हाडात पोराचं शिक्षण संपत आलं की नातेवाईक एकच विचारतात, ‘लागला का कुठं?’ तुला काय व्हायचंय, हे विचारायचं राहूनच जातं. त्यावरून इथल्या तरुणांची स्वप्नंच लहान, असा शेरा मारणं सोपं आहे. मला तो पटत नाही. अमरावतीत किंवा अकोल्यात पहाटे पाचला मैदानावर पळणारा पोट्टा पाहा. मुठीत मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच चालू. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारले तर पोलीस भरतीत वीसपैकी वीस गुण, हे त्याला पाठ असतं. उंची १६५ सेंटीमीटर, गोळाफेक १५ गुणांची, लेखी १००ची, हेही पाठ. उद्या आपण कोण होणार आणि त्यासाठी आज किती सेकंद कमी करायचे, या दोन गोष्टींची सांगड त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते. ही काही लहान गोष्ट नव्हे.

किंबहुना सगळी गोम त्या सांगडीतच आहे. हेझल मार्कस आणि पॉला न्यूरियस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली मांडलं, की माणसाच्या मनात उद्याची स्वतःची अनेक रूपं असतात. काही हवीशी, काही धास्तीची. पुढे डाफ्ना ऑयझरमन यांनी डेट्रॉइटच्या गरीब वस्त्यांतल्या आठवीच्या मुलांसोबत काम केलं. भविष्यातल्या रूपाला रोजच्या अभ्यासाची आणि वाटेतल्या अडचणींची जोड दिली, तेव्हा मुलांची हजेरी आणि गुण सुधारले, आणि तो फरक दोन वर्षं टिकला. नुसतं मोठं स्वप्न पाहून असं होत नाही. आता हे वऱ्हाडाला लावून पाहा. कपाशी-सोयाबीनच्या भावात पिचलेला बाप हे इथल्या मुलाचं धास्तीचं रूप, कारण शेतकरी नवरा नको, हे तो गावातल्या प्रत्येक सोयरिकीत ऐकतो. हवंसं रूप म्हणजे खाकी वर्दी किंवा तहसीलची खुर्ची, कारण वाट तेवढ्यांचीच आखलेली दिसते: जाहिरात, फॉर्म, ग्राउंड, कट-ऑफ, मेरिट.

वाट स्पष्ट असली तरी दार अरुंद आहे. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. म्हणजे शंभरात एक. उरलेले नव्व्याण्णव अभ्यासिकेतल्या त्याच खुर्चीवर पुन्हा बसतात. यावर कोणी म्हणेल, आता हातात मोबाइल आहे, पोरांना सगळं जग दिसतं. दिसतं खरं, पण रीलमध्ये गाडी आणि बंगला दिसतो, त्याआधीची चार वर्षं दिसत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पैसा नसेल तर वाट कळून उपयोग काय? अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाचंच घ्या. एप्रिल २०२५मध्ये तिथून प्रवासी विमान सुरू झालं, वैमानिक घडवणारी मोठी संस्थाही तिथे जाहीर झाली. प्रशिक्षणाचा खर्च बडनेऱ्याच्या मजुराच्या आवाक्याबाहेरचा, हे मान्य. पण राज्य सरकारच्या ‘महाज्योती’ या संस्थेने अशा प्रशिक्षणाचा खर्च उचललेला आहे, आणि त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागत आलं आहे. दहावीनंतर कला शाखेचा अर्ज भरून झाल्यावर हे कळलं, तर पैसा असूनही वाट अवघड होऊन बसते. माहिती वेळेवर मिळणं हीदेखील मालमत्ताच आहे, आणि पैशाइतकीच ती विषम वाटली गेली आहे.

वाट आखून देणं या मातीला नवीन नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा उगम १९१४चा, आखाड्यातला. मंडळाचे खेळाडू १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी प्रात्यक्षिकं दाखवून आले. पण कुस्ती-मल्लखांबाच्या हौसेतून शारीरिक शिक्षणाचा शिक्षक हा पेशा उभा राहिला तो अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र आलं म्हणून. पापळच्या शेतकऱ्याच्या घरातून ऑक्सफर्डला गेलेल्या पंजाबराव देशमुखांनी परतल्यावर शाळा आणि वसतिगृहं काढली, तीही याच हिशेबाने: राहायला जागा नसेल तर खेड्यातलं पोरगं शहरात शिकणार कसं?

त्यांच्याच नावाचं कृषी विद्यापीठ १९६९पासून अकोल्यात आहे, ‘महाबीज’ या राज्याच्या बियाणे महामंडळाचं मुख्यालयही तिथेच. तरी कृषी पदवीधर पुन्हा स्पर्धा परीक्षेचंच पुस्तक उघडतो. विद्यापीठाच्या शिवार फेरीत शेतकरी प्रत्येक वाणापाशी थांबून बियाण्याचं प्रमाण आणि दोन ओळींतलं अंतर विचारतो आणि त्याला नेमकं उत्तर मिळतं. तेच बियाणं तयार करून विकायचं ठरवणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराला पहिल्या तीन वर्षांत किती भांडवल लागेल, परवाना कुठून मिळेल, कितव्या हंगामात हातात पैसे उरतील, याचीही एक पाटी तिथे वाणाच्या पाटीशेजारी लावायला काय हरकत आहे?