बंगला विकणे आहे



गेल्या अंकातील लेख वाचून एका वाचक भगिनीने पत्र पाठवले आहे. "वडिलांच्या बंगल्याची विक्री व्हायची आहे. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत आहेत. सही करण्यापूर्वी मी काय पाहावे?" एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर मला ठाऊक होते, तरीही पत्र महिनाभर टेबलावर पडून राहिले. कारण तसाच एक कागद दोन वर्षांपूर्वी मी स्वतः माझ्या थोरल्या बहिणीपुढे ठेवला होता. ती हकीकत सांगितल्यावाचून दिलेले उत्तर अर्धवट ठरेल. म्हणून आज आधी हकीकत आणि मग हिशेब.

आमचे घर सांगलीच्या विश्रामबागेत. आप्पांची हळदीची आडत होती. त्यांनी सहा गुंठ्यांचा प्लॉट घेतला आणि १९७१ मध्ये बंगला बांधला. त्या वेळी गावभागातले आप्तेष्ट म्हणत, "एवढ्या लांब, मिरजेच्या वाटेवर जाऊन राहायचे?" पुढे त्याच वाटेवर वस्ती वाढली, शाळा, महाविद्यालये, दवाखाने आले. २००५ व २०१९ मध्ये कृष्णेचा पूर शहरात शिरला तेव्हा गावभागातली चार कुटुंबे आमच्याच ओसरीवर अंथरुणे टाकून राहिली. लांबचा म्हणून ज्याला नावे ठेवली, तो भाग आता लोक मागणी करून घेतात.

घर प्रशस्त होते. पुढे ओसरी आणि झोपाळा, मधे मोठी खोली, भोवती पाच खोल्या, मागे आंब्याची दोन झाडे आणि विहीर. गावात मुनिसंघ आला की चौक्यासाठी शेजारीपाजारी याच विहिरीचे पाणी नेत. आईचा शेवटचा काळ याच घरात गेला. मी पुण्यात, धाकटा भाऊ अमेरिकेत. जयसिंगपूरहून अक्का दर शनिवारी एस.टी.ने यायची, आईचे न्हाणे-धुणे, औषधे, बाईचा पगार हे सारे पाहून सोमवारी परत जायची. असे चार वर्षे चालले. २०२३ मध्ये आई गेली आणि घराला कुलूप लागले.

बंद घर फार लवकर जुने होते. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या खोलीत ओल आली. धाकट्या भावाशी फोनवर बोलणे झाले, आणि घर विकावे असे आम्हा दोघांचे ठरले. एजंटाने जाहिरातीचा मजकूर लिहून दाखवला. प्रशस्त स्वतंत्र बंगला, सहा गुंठे, पाच खोल्या, विहीर, शांत वस्ती, थेट मालकाशी व्यवहार. मजकुरात दोष काढण्यासारखे काही नव्हते. केवळ शेवटच्या दोन शब्दांपाशी माझी नजर अडखळायला हवी होती, ती अडखळली नाही. मालक कोण?

कागदोपत्री मालक आप्पा होते, आणि ते १९९६ मध्येच निवर्तले होते. मृत्युपत्र केलेले नव्हते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे मिळकत पत्रिकेवर त्यांचेच नाव राहिले होते. बँकेत असताना याच एका त्रुटीपायी मी किती कर्जप्रकरणे परत पाठवली असतील! "आधी वारसनोंद करून आणा, मग या," हे वाक्य मी इतरांना अगदी सहज ऐकवत असे. घरची फाइल मात्र मी कधी उघडली नाही.

वकिलांनी सांगितले की तीन भावंडे वारस आहेत, बहिणीचे हक्कसोडपत्र झाले तर काम सोपे होईल. मसुदा तयार झाला. मी तो घेऊन जयसिंगपूरला गेलो. अक्काने चहा केला, चष्मा लावला आणि चारही पाने सावकाश वाचली. मग म्हणाली, "सही कुठं करायची ते दाखव. करते मी. पण घर विकायचं ठरलं हे मला या कागदावरनं कळावं, एवढं मात्र बरं वाटलं नाही बघ."

मी म्हणालो, "अक्का, तुला कशाला त्रास, असं आम्हाला वाटलं. देवाच्या दयेनं तुला काही कमी नाही."

ती म्हणाली, "कमी नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? कधी विचारलंत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मसुदा तसाच पिशवीत घालून मी परत आलो.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो. आजी हयात असेल तर तिलाही. आप्पांच्या पश्चात आई व आम्ही तिघे, म्हणून प्रत्येकी चौथा हिस्सा. आईनेही मृत्युपत्र केले नव्हते. तिचा चौथा हिस्सा तिघांत विभागला आणि प्रत्येकाचा एक तृतीयांश झाला. यात मुलीचे लग्न झाले आहे की नाही, तिला लग्नात काय दिले, हे प्रश्नच उद्भवत नाहीत. पूर्वी त्या कायद्यात एक कलम होते. राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मागितल्याखेरीज मुलीला मागता येत नसे. २००५ च्या दुरुस्तीने ते कलमच काढून टाकले. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार असते, आणि त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणजे हक्कसोडपत्र हा रिवाज नसून दान आहे. दान देणाऱ्याला आपण काय देत आहोत याची पूर्ण माहिती हवी. हा दस्त नोंदणीकृत करावा लागतो, आणि एकदा नोंदला की मन बदलले म्हणून तो मागे घेता येत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे बोललो. भाऊ फोनवर होता. अक्काच्या नातीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता. फीसाठी जावयाने कर्ज काढले होते आणि अक्काने आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. हे आम्हा दोघा भावांना त्या दिवशी कळले. धाकटा काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "तिघांची नावं लावा, दादा. बाकी नंतर बघू."

त्यानंतर कागदपत्रांना आठ महिने लागले. आप्पांचे मूळ खरेदीखत सापडले, मंजूर नकाशाही सापडला. आप्पांनी बांधकामासाठी काढलेले कर्ज कधीच फिटले होते, पण त्याचा बोजा दप्तरी तसाच होता. तो कमी करून घ्यावा लागला. आप्पा व आई या दोघांचे मृत्यूचे दाखले, वारसनोंद, घरपट्टी व पाणीपट्टीच्या पावत्या, तीस वर्षांचा शोध अहवाल हे सारे जमले तेव्हा घर खऱ्या अर्थाने विक्रीयोग्य झाले. वाचकांना माझी विनंती आहे की ही कामे फलक लावण्यापूर्वी करावीत. खरेदीदाराला बँकेचे कर्ज घ्यायचे असते, आणि त्याच्या बँकेत माझ्यासारखाच कोणी अधिकारी बसलेला असतो.

आता कराविषयी. घर विकून जो दीर्घकालीन भांडवली नफा होतो, त्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे. महागाई निर्देशांकाचा लाभ त्यात नाही. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घर-जमिनीसाठी भारतातील निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून २० टक्के, असाही हिशेब करता येतो आणि दोहोंपैकी कमी असेल तो कर द्यावा लागतो. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या घरासाठी मूळ खर्चाऐवजी त्या दिवशीचे वाजवी मूल्य धरता येते. ते त्या दिवशीच्या मुद्रांकी मूल्याहून अधिक धरता येत नाही. २००१-०२ चा निर्देशांक १००, तर २०२५-२६ चा ३७६ आहे.

उदाहरण घेऊ. विक्री १ कोटी ८० लाखांची, २००१ चे मूल्य २० लाख. निर्देशांक न लावता नफा १६० लाख, कर २० लाख. निर्देशांक लावला तर मूल्य ७५.२० लाख, नफा १०४.८० लाख, कर २०.९६ लाख. येथे नवी पद्धत किंचित स्वस्त. परंतु २००१ चे मूल्य ३० लाख असेल तर नव्या पद्धतीने कर १८.७५ लाख आणि जुन्या पद्धतीने १३.४४ लाख! अधिभार व उपकर यांत धरलेला नाही. तात्पर्य, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेण्यात कंजुषी करू नये.

प्रत्येक वारसाचा नफा स्वतंत्र मोजला जातो आणि सवलतही स्वतंत्र मिळते. नफ्यातून ठरावीक मुदतीत दुसरे राहते घर घेतले, अथवा सहा महिन्यांच्या आत पाच वर्षे मुदतीच्या विशिष्ट रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम गुंतवली, तर तेवढा कर वाचतो. तीन नावे म्हणजे तीन सवलती. बहिणीचे नाव वगळण्याने घराचे हित होते, हा समज हिशेबातही टिकत नाही.

परदेशस्थ भावंड असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. निर्देशांकाचा पर्याय अनिवासी व्यक्तीला नाही. तसेच निवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदार १ टक्का कर कापतो, तर अनिवासी व्यक्तीच्या रकमेतून बरीच मोठी कपात होते; कमी दराचा दाखला आयकर खात्याकडून आधीच मिळवावा. कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत करून घ्यावे आणि ते भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा.

एका खरेदीदाराने काही रक्कम रोखीत देण्याची तयारी दाखवली होती. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार व त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. स्वीकारल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. आम्ही नकार दिला. शिवाय तीन भावंडांत रोख रकमेची वाटणी म्हणजे पुढच्या पिढीच्या भांडणाची तजवीजच.

अखेरीस दोन मागण्या उरल्या. एक मिरजेतील डॉक्टर दांपत्याची; त्यांना बंगल्यात राहायचे होते. दुसरी बांधकाम व्यावसायिकाची; तो बंगला पाडून इमारत उभारणार होता आणि बारा लाख अधिक देत होता. मी व भाऊ हळवे झालो होतो. आप्पांची ओसरी, आईचा झोपाळा, असे आमचे चालले होते. अक्का म्हणाली, "आईला उचलून न्हाणीत नेताना तो उंबरा मला रोज लागायचा. घर आई-आप्पांचं होतं, ते दोघं गेले. जास्त देतो त्याला द्या. पोरीची फी भरायची आहे मला." एक तृतीयांश मालकाचे ते मत होते, आणि आम्हाला ते पटले. विहिरीचा रहाट तेवढा तिने मागून घेतला.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींना उत्तर असे. सही करण्यापूर्वी मिळकत पत्रिका पाहा, मृत्युपत्र आहे का विचारा, आपला हिस्सा किती व त्याची आजची किंमत किती हे आकड्यांत लिहून मागा. एवढे समजल्यावर हक्क सोडावासा वाटला तर आनंदाने सोडा, आणि ठेवावासा वाटला तर संकोच न करता ठेवा. भाऊरायांना वेगळे सांगणे नाही. एजंटाला फोन करण्याआधी बहिणीला करावा.

एक गोष्ट राहिली. खरेदीखताच्या आठवडाभर आधी धनाकर्ष कोणत्या खात्यावर हवा असे खरेदीदाराने विचारले. तेव्हा उलगडा झाला की एकाहत्तर वर्षांच्या अक्काचे स्वतःच्या एकटीच्या नावाचे खातेच नव्हते. भाऊ उभी हयात बँकेत, आणि हे त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी मी जयसिंगपूरच्या शाखेत तिच्यासोबत गेलो. अर्ज मीच भरला. व्यवसायाच्या रकान्यापाशी मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "काय लिहायचं ते या वेळी मला विचारून लिही."

पुढील अंकात मृत्युपत्राविषयी.