पुन्हां पाहणें

आवडत्या चित्रपटांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे बैठकींतला कोणी तरी हटकून म्हणतो, “तो चित्रपट पूर्वीं पाहिलाच नाहीं असें होऊन एकदां पुन्हां पाहावयास मिळाला, तर काय बहार होईल!” ही इच्छा वरवर बालिश दिसली, तरी तिच्या मुळाशीं खरी हळहळ आहे. आवडता चित्रपट दहाव्यांदा लावतां येतो. पण पुढें काय होणार हें ठाऊक नसण्याची पहिल्या वेळची ती गोडी कांहीं पुन्हां हातीं लागत नाहीं. पाहिलेलें न पाहिलेलें करण्याची सोय विधात्यानें ठेवलेली नाहीं. तेव्हां पुन्हां पाहण्यांत नवेपण आणावें तरी कोठून, हा प्रश्न या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

एके काळीं हा प्रश्नच नव्हता. कारण चित्रपट पुन्हां पाहावयास मिळणें हीच मोठी गोष्ट होती. खेळ गांवांत आला, कांहीं दिवस चालला आणि पेटींत बंद होऊन पुढच्या गांवीं गेला, कीं मागें उरे ती केवळ आठवण. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ (१९२०) आणि आपल्या देशांतला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) यांची तर आज एकहि प्रत उपलब्ध नाहीं. त्या काळची नायट्रेटची फीत विलक्षण ज्वालाग्राही असे, आणि आगींतून वांचली तरी काळानें आपोआप सडे. कित्येक फिती तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीं विकल्या गेल्या. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें आणि पी. के. नायर यांच्यासारख्या ध्यास घेतलेल्या माणसानें जुन्या फिती चिकाटीनें मिळविल्या, म्हणून फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले भाग तरी आपणांस पाहतां येतात. आज पारडें अगदीं फिरलें आहे. पुष्कळसे जुने बोलपट हातांतल्या फोनवर क्षणांत हजर होतात. वस्तु सुलभ झाली. तिच्याकडे नीट पाहणें मात्र दुर्लभ झालें.

उदाहरणादाखल ‘संत तुकाराम’च घेऊं. प्रभात फिल्म कंपनीनें १९३६ सालीं काढलेला, दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेलेला हा बोलपट आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. लहानपणीं सारें लक्ष चमत्कारांवर असतें. पुढें विष्णुपंत पागनिसांच्या तल्लीन मुद्रेवर मन जडतें. गौरी या नटीनें रंगविलेली जिजाई, म्हणजे आपली आवली, या दोन्ही वेळां हसण्याचाच विषय ठरते: कजाग, तोंडाळ, देवालाहि न सोडणारी! परंतु दहा-वीस वर्षें संसार केल्यावर हाच बोलपट पाहावा. मग दिसूं लागतें कीं, घरांत दाणा नाहीं ही गोष्ट ज्या एका माणसाला सकाळ-संध्याकाळ विसरतां येत नाहीं, तें माणूस म्हणजे आवली. आजारी मुलाला घेऊन ती देवळांत जाते आणि विठोबालाच जाब विचारते, तेव्हां तो राग राहत नाहीं. ती एक प्रकारची प्रार्थनाच होते. तुकोबा वैकुंठास जातात, आणि आवली पोरांबाळांसह मागें राहते. पहिल्या वेळीं आपण विमानाकडे पाहत असतों. खरें तर त्या वेळीं जमिनीवर उभ्या असलेल्या त्या बाईकडेहि पाहावयास हवें.

आमच्या वाचकांच्या घरांत पोथ्या-पुस्तकांची कपाटें असतात. म्हणून आणखी एका पात्राकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. तें पात्र सालोमालो नव्हे. त्याचें ढोंग मुलांनाहि कळतें. आम्ही म्हणतों तें रामेश्वरशास्त्र्यांविषयीं. हा मनुष्य दुष्ट नाहीं. विद्वान आहे, आचारनिष्ठ आहे. आणि तरीहि ऐकीव गोष्टींवर विसंबून अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविण्याची आज्ञा तो देतो. ज्याच्याविषयीं निवाडा द्यावयाचा त्याच्याकडे त्यानें धड पाहिलेलेंच नसतें. पुढें हाच पंडित तुकोबांना शरण येतो. त्याची विद्या तीच राहते, फक्त दृष्टि बदलते. चित्रपटाच्या फितीवरचें एकहि चित्र या वीस वर्षांत हललेलें नसतें; आपली नजर एका पात्रावरून दुसऱ्यावर गेलेली असते. पुन्हां पाहण्यांतलें नवेपण तें हेंच.

परदेशी चित्रपटांतहि याची साक्ष मिळते. १९३३ सालच्या ‘क्वीन क्रिस्टिना’च्या शेवटीं, सर्वस्व गमावलेली राणी जहाजाच्या नाळेवर निश्चल उभी असते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ येऊन थांबतो. त्या वेळीं मनांत कांहींच आणूं नकोस, चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेव, असें दिग्दर्शक मामूलियन यांनीं ग्रेटा गार्बोला सांगितलें होतें. त्या कोऱ्या कागदावर प्रेक्षक आपापला मजकूर लिहितो. विशीत विरह लिहितो, पन्नाशींत कदाचित् सुटका लिहील.

याच गार्बोशीं, तसेंच नॉर्मा शिअरर या दुसऱ्या विख्यात नटीशीं, विदर्भांतल्या एका सधन घराण्यांतील तरुणाचा पत्रव्यवहार होता. ‘पिक्चरगोअर’ या इंग्रजी नियतकालिकांत तो चित्रपटांचीं परीक्षणें लिहीत असे. १९१४ सालीं हिंगणघाटास जन्मलेला हा तरुण पुढें वरोऱ्यास वकिली करूं लागला. त्याचें नांव मुरलीधर देवीदास आमटे. जग त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखतें. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असतांना त्यांनीं सफाईकामगारांबरोबर मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. त्याच दिवसांतली एक हकीकत प्रसिद्ध आहे. भर पावसांत वाटेच्या कडेला तुळशीराम नांवाचा एक कुष्ठरोगी पडलेला होता; बोटें झडलेलीं, जखमांत किडे पडलेले. त्याला पाहतांच बाबा भयानें पळाले. पण तें पळणें त्यांना स्वस्थ बसूं देईना. ते परत आले, त्याच्यावर आडोसा उभारला आणि त्याच्या अखेरीपर्यंत त्याची शुश्रूषा केली. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर १९४९ सालीं सुरू झालेल्या आनंदवनाचें मूळ या दुसऱ्यांदा पाहण्यांत आहे. त्या कार्याला परदेशांतून प्रथम मदत करणाऱ्यांत नॉर्मा शिअररहि होती, हें या कथेंतलें एक गोड आश्चर्य.

चित्रपट पाहून मनुष्य सेवाव्रती होतो, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें असतें, तर चित्रगृहांतून एव्हांना संतांच्या रांगा बाहेर पडल्या असत्या! आमचें म्हणणें एवढेंच कीं, पहिली नजर बहुधा आपली नसते. ती संवयीची, भीतीची, ऐकीव मताची असते. पहिल्या नजरेला कुष्ठरोगी हा केवळ रोग दिसतो, आवली केवळ कजाग दिसते. माणूस दिसावयाला परत यावें लागतें.

पुढें याच घराची कथा पडद्यावर आली. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें माडिया लोकांमध्यें आपलें आयुष्य वेंचलें. त्यांच्यावरचा समृद्धी पोरे यांचा चित्रपट २०१४ सालीं निघाला; नाना पाटेकर व सोनाली कुलकर्णी यांनीं त्यांत मुख्य भूमिका केल्या. पहिल्यांदा तो पाहतांना डोळे डॉक्टरांवर खिळतात, आणि तें स्वाभाविक आहे. दुसऱ्यांदा पाहतांना मात्र रोग्याला खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत कोसच्या कोस चालत येणाऱ्या माणसांकडे पाहावें. त्यांचा विश्वासहि त्या कथेंतला नायकच आहे.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. महिन्यांतून एका रविवारीं घरांतल्या सर्वांनीं मिळून, फोन दूर ठेवून, एक जुना आवडता चित्रपट पाहावा. बरोबर तो मुळींच न पाहिलेलें एखादें मूल असावें. नवेपण त्याच्या चेहऱ्यावर आयतेंच दिसेल. शेवट झाल्यावर ‘आवडला का’ असें न विचारतां ‘तूं कोणाकडे पाहत होतास?’ असें विचारावें. आजीचें उत्तर निराळें येईल, सुनेचें निराळें येईल. आणि चित्रपट पाहून उठतांना, स्वयंपाकघरांतून एवढा वेळ बाहेर येऊन बसावयास जिला सवड झाली नाहीं, तिच्याकडेहि एकदां नीट पाहावें. तिला आपण रोजच पाहतों, म्हणूनच हें सांगावें लागतें.