वेगवान गाडीच्या डोक्यावरून

जपानचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा ताशी किती किलोमीटर या आकड्यापाशी येऊन थांबते. शिनकान्सेनच्या वेगाचे आणि वक्तशीरपणाचे गोडवे गाताना ती ज्या स्थानकांवर थांबते, त्यांच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक अतिवेगवान रेल्वेने एखाद्या प्रदेशाचे भले केले की वाटोळे, हे गाडीत बसून उमगत नाही; त्यासाठी स्थानकावर उतरावे लागते. नागानो प्रांतातील साकुदाइरा हे स्थानक या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

फेब्रुवारी १९९८ मध्ये नागानो येथे हिवाळी ऑलिंपिक भरले. त्याच्या चारच महिने आधी, १ ऑक्टोबर १९९७ रोजी, ताकासाकी ते नागानो हा शिनकान्सेन मार्ग सुरू झाला आणि साकुदाइरा हे नवे स्थानक त्याच दिवशी अस्तित्वात आले. तेथून पूर्वीपासून कोउमी मार्ग जात होता. हा मार्ग ७८.९ किलोमीटरचा, एकेरी, विजेच्या तारांशिवायचा. त्यावर एक-दोन डब्यांच्या डिझेल गाड्या डोंगर चढत जातात. जे.आर. कंपन्यांच्या जाळ्यातील सर्वांत उंच स्थानक, १,३४५ मीटरवरील नोबेयामा, याच मार्गावर आहे. जपानमध्ये सामान्यतः शिनकान्सेन उंच पुलावर आणि साधी गाडी खाली, अशी रचना आढळते. साकुदाइराला नेमके उलट घडले. वेगवान गाडी जमिनीलगत ठेवून गरीब कोउमी मार्गच वर उचलण्यात आला आणि तिच्या डोक्यावर त्याचा फलाट बांधण्यात आला. टोकियोहून सुमारे सव्वा तासात आलेला प्रवासी जिना चढतो आणि डिझेल गाडीत बसून आपल्या गावी जातो.

ही केवळ स्थापत्यातील गंमत नव्हे. शिनकान्सेनच्या दोन रुळांतील अंतर १,४३५ मिलिमीटर, तर जुन्या मार्गांचे १,०६७ मिलिमीटर. एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर धावू शकत नाही. म्हणजे दोन्ही मार्गांची भेट होणार ती फक्त स्थानकात. तेथे ती नीट झाली नाही, तर वेगवान मार्ग त्या भागातून नुसता वाहून जाणार. साकुदाइराला ती भेट घडवली गेली, म्हणून कोउमी मार्गावरील खेड्यांनाही राजधानीचे दार उघडले.

परंतु नाण्याची दुसरी बाजू अवघ्या सात-साडेसात किलोमीटरवर आहे. कोमोरो हे जुने, किल्ल्याचे गाव. तेथील स्थानक १८८८ सालचे. टोकियोकडे जाणाऱ्या ‘आसामा’ या जलद गाड्या तेथे थांबत. नवा मार्ग कोमोरोला वळसा घालून साकुदाइरावरून गेला. ज्या दिवशी साकुदाइराला नवे स्थानक मिळाले, त्याच दिवशी कोमोरोच्या जलद गाड्या बंद झाल्या. एवढेच नव्हे, तर कारुइझावा ते शिनोनोइ हा ६५.१ किलोमीटरचा जुना मार्ग पूर्व जपान रेल्वे कंपनीने सोडून दिला. शिनकान्सेन आली की तिला समांतर असलेला जुना मार्ग कंपनीपासून अलग करावयाचा, असे धोरण १९९० साली ठरले होते. त्याची पहिली अंमलबजावणी ही. मार्ग चालविण्याचा भार प्रांत आणि स्थानिक संस्थांच्या भांडवलावर उभारलेल्या शिनानो रेल्वेवर पडला. भाडे वाढले. प्रारंभीची वर्षे तोट्यात गेली. आणि गंमत पाहा, त्याच जुन्या मार्गाचा शिनोनोइ ते नागानो हा गजबजलेला ९.३ किलोमीटरचा तुकडा मात्र कंपनीने स्वतःकडेच राखला!

योकोकावा ते कारुइझावा या घाटाच्या नशिबी तर तेवढेही नव्हते. दर पंधरा मीटरला एक मीटर चढणारा हा ११.२ किलोमीटरचा मार्ग १८९३ पासून लोकांच्या सेवेत होता. तो कायमचा बंद झाला. आता त्या घाटातून बस जाते.

लाभ एकाने घ्यायचा आणि ओझे दुसऱ्याने वाहायचे, हा व्यवहार जपानसारख्या शिस्तप्रिय देशातही घडतो. शिनकान्सेन पुढे २०१५ साली कानाझावापर्यंत आणि २०२४ साली त्सुरुगापर्यंत गेली. प्रत्येक टप्प्यावर जुने मार्ग असेच स्थानिक कंपन्यांच्या गळ्यात पडले. शाळेत जाणारी मुले आणि दवाखान्यात जाणारे वृद्ध यांची गाडी हीच असते; विमानाशी स्पर्धा करणाऱ्या गाडीचा त्यांना फारसा उपयोग नसतो.

हे सारे आपण का वाचावे? कारण शिनकान्सेनचेच तंत्रज्ञान घेऊन मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग उभा राहत आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी त्याची पायाभरणी झाली. बारांपैकी चार स्थानके महाराष्ट्रात आहेत: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर. आपलीही रुंदमापी लोहमार्गावरची गाडी या रुळांवर धावणार नाही. म्हणजे येथेही भेट स्थानकातच व्हायची. अहमदाबादला नवे स्थानक जुन्या स्थानकाच्या फलाटांवरच उभारले जात आहे. ठाण्याचे स्थानक मात्र ठाणे शहराच्या स्थानकापाशी नसून दिव्याजवळ म्हातार्डी येथे आहे. डोंबिवलीचा नोकरदार किंवा मुंब्र्याचा विद्यार्थी तेथे लोकलमधून उतरून चालत पोहोचणार, की रिक्षाच्या रांगेत उभा राहणार? विरार आणि बोईसर येथेही हाच प्रश्न आहे. डहाणूपर्यंत २०१३ पासून उपनगरी गाडी जाते. तिचा प्रवासी या नव्या मार्गाशी किती पावलांत जोडला जाईल, याचा आराखडा, खर्च आणि मुदत स्थानकाचे छप्पर चढण्यापूर्वी ठाणे आणि पालघरच्या लोकांसमोर मांडली गेली पाहिजे.