अरणगावच्या माळावरची नर्तकी

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागले की नऊ-दहा किलोमीटरवर अरणगाव येते. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जुन्या जिभेला नगरच सोपे जाते, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) गावाजवळून दौंड-मनमाड लोहमार्ग जातो, आणि रुळांच्या दोन्ही अंगांना मेहेराबाद पसरले आहे. एका बाजूला रस्त्यालगतची वस्ती, दुसऱ्या बाजूला टेकडी. टेकडी आपली म्हणायची. सह्याद्री पाहिलेला माणूस तिला उंचवटा म्हणून सोडून देईल. पहिल्या महायुद्धात इथे लष्कराचा तळ होता. लष्कर गेले, मागे काही इमारती आणि पाण्याची टाकी राहिली, आणि १९२३ साली पुण्याचे एक तरुण इराणी गृहस्थ आपल्या मंडळींसह इथे आले. तेच मेहेरबाबा.

आमच्याकडे मेहेरबाबांचे नाव काढले की दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक हात जोडणारी, दुसरी गालात हसणारी. मी दोन्ही रांगांच्या बाहेरचा. मला कुतूहल होते ते निराळ्याच गोष्टीचे. त्या माळावर येऊन राहिलेली ती गोरी माणसे कोण होती, आणि येताना काय टाकून आली होती? त्यांतल्या एका बाईंची हकीकत जसजशी कळत गेली तसतसा मी चकित होत गेलो. बाईंचे नाव मार्गारेट क्रास्क. धंद्याने नर्तकी.

नर्तकी म्हणजे बॅलेची. पायाच्या अंगठ्यांवर शरीराचा भार तोलायचा, आणि तोही असा की पाहणाऱ्याला भार म्हणून काही आहे असे वाटूच नये, असा तो नाच. क्रास्कबाई १८९२ साली इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्यात जन्मल्या. लंडनमध्ये एन्रिको चेकेट्टी या इटालियन गुरूंच्या हाताखाली त्या तयार झाल्या. हे चेकेट्टी म्हणजे आना पावलोवा हिचे गुरू. आणि पावलोवा आपल्याला परकी नाही. तिनेच १९२३ साली लंडनमध्ये उदयशंकरांना आपल्याबरोबर नाचायला उभे केले आणि त्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याची वाट बदलून टाकली. तेव्हा नाते लावायचेच झाले तर क्रास्कबाई पावलोवाच्या गुरुभगिनी लागतात.

१९२० च्या सुमारास क्रास्कबाई द्यागिलेव्ह यांच्या जगप्रसिद्ध रशियन बॅलेत नाचल्या. एखाद्या गायकाला पहिल्याच उमेदीत सवाई गंधर्व महोत्सवाचे बोलावणे यावे, तशी ही गोष्ट. आणि मग पाय दुखावला. नाचणाऱ्याचा पाय दुखावणे हा काय प्रकार असतो हे आपल्यासारख्या बसून काम करणाऱ्यांना नीटसे कळायचे नाही. आपला पाय मुरगळला तर आपण काठी घेऊन कचेरीत जातो. नर्तकीचा पाय गेला म्हणजे तिची कचेरीच गेली. बाईंची रंगभूमी सुटली ती त्या दुखापतीने. वय तिशीच्या आसपास.

त्या शिकवू लागल्या. शिक्षिका म्हणून त्या इतक्या वर चढल्या की चेकेट्टींची पद्धत इंग्लंडात शिकायची तर क्रास्कबाईंकडे जावे, अशी स्थिती आली. १९३० साली सिरिल बोमाँट यांच्याबरोबर त्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. पुढे मोठा नृत्यरचनाकार म्हणून गाजलेला अँटनी ट्यूडर त्यांच्याकडे शिकून गेला. म्हणजे गाडी पुन्हा रुळावर आली होती. बाईंनी आयुष्याचे काही तरी करून दाखवले होते, आणि ज्याला आपण बस्तान म्हणतो ते चांगले बसले होते.

१९३१ च्या ऑगस्टअखेर मुंबईहून ‘राजपुताना’ नावाची बोट विलायतेला निघाली. तिच्यावर गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी होते आणि प्रथमच पश्चिमेकडे जाणारे मेहेरबाबाही होते. त्या इंग्लंडच्या मुक्कामात बाबांभोवती जी मंडळी जमली त्यांत क्रास्कबाई होत्या. १९३९ साली बाबांचे बोलावणे आले आणि बाईंनी लंडनमधली शाळा सोडून हिंदुस्थानची वाट धरली. वय छेचाळीस. त्या सात वर्षे राहिल्या.

ही सात वर्षे मला या सगळ्या हकीकतीतला गाभा वाटतात. टेकडीवर स्त्रियांची वस्ती होती. तिकडे पुरुषांना मज्जाव, बाहेरच्या जगाशी संबंध बेताचाच. लंडनवर बाँब पडत होते आणि या बाई नगरच्या रखरखीत माळावर. मधूनमधून बाबांबरोबर सबंध देशभर प्रवास, तोही ऐषारामाचा नव्हे. आणि मुख्य म्हणजे नाच नाही. रंगमंच नाही, आरसा नाही, टाळी नाही. याच सुमारास आमच्या मादाम मेनका यांचे नृत्यालय खंडाळ्याला होते. खंडाळा इथून फार लांब नाही. पण क्रास्कबाई तिकडे गेल्या नाहीत. त्या ज्या कामासाठी आल्या होत्या ते काम नाचाचे नव्हते.

मग कशाचे होते? योगाचे म्हणावे, तर आसने आणि प्राणायाम असा तो मामला नव्हता. आज नर्तकीने योगाकडे वळावे यात नवल उरलेले नाही. पुण्यात अय्यंगारगुरुजींच्या संस्थेत जगभरची माणसे येत आली आहेत, आणि शरीर ज्याचे भांडवल त्याने ते सांभाळायला योग शिकावा हे शहाणपणाचेच. मेहेराबादचा योग होता तो आज्ञापालनाचा आणि सेवेचा. सांगितले ते करायचे. उद्या नेमके उलटे सांगितले तर उलटे करायचे. मला हे फारसे मानवले नसते, हे मी सांगून टाकतो. पण जिने पायाच्या एका हालचालीसाठी दहा हजार वेळा गुरूचे ऐकले आहे, तिला ते आपल्याइतके परके वाटले नसेल. ती शिस्त तिच्या अंगात आधीच मुरलेली होती.

आणखी एक गोष्ट. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले ते १९६९ साली देह ठेवीपर्यंत. क्रास्कबाई होत्या त्या वर्षांत ते इंग्रजी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलत. १९५४ मध्ये पाटीही सुटली आणि नुसत्या खुणा राहिल्या. ज्या स्त्रीने शब्दावाचून बोलण्याची कला उभ्या जन्मात कमावली, तिला गुरू मिळाला तोही न बोलणारा! हे योगायोग कोण जुळवतो कोण जाणे.

आता बरे करण्याविषयी. मेहेराबाद म्हटले की चमत्काराने रोग बरे होण्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील अशी आशा धरून काही लोक जातात. स्वतः बाबांना चमत्कारांचे कौतुक नव्हते. या जिल्ह्याला ठाऊक असायला हवी ती गोष्ट साधी आहे: १९३६ साली त्यांनी राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला आणि ज्यांना त्यांच्या घरच्यांनी टाकून दिले होते त्यांना स्वतःच्या हाताने आंघोळी घातल्या. राहुरीचे नाव काढले की आज आपल्याला कृषी विद्यापीठ आठवते, हा आश्रम नाही. मी याला औषधोपचार म्हणणार नाही. पण ज्याला कुणी शिवत नाही त्याच्या अंगावर पाणी घालणे याला काही तरी नाव असले पाहिजे.

क्रास्कबाईंच्या थोडे आधी, १९३८ मध्ये, हेलन डाम नावाची स्विस चित्रकर्ती मेहेराबादला आली आणि टेकडीवरच्या घुमटीच्या आतल्या भिंती रंगवून गेली. पुढे त्याच घुमटीत बाबांची समाधी झाली. मी ती चित्रे पाहिली आहेत. पाहताना माझ्या मनात आले, चित्रकर्तीचे बरे असते. भिंत मागे राहते. नर्तकीने सात वर्षे त्या माळावर काढली आणि तिथे दाखवायला काही नाही.

आणि हे लिहिताना या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची एक नर्तकी डोळ्यांपुढून हलत नाही. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाच्या पवळाबाई. तमाशाच्या बोर्डावर आधी स्त्रीच्या जागी नाच्या पोऱ्या असे. तिथे स्वतः उभी राहून नाव कमावणाऱ्या पहिल्या बायकांत पवळाबाईंचे नाव घेतले जाते. लहानपणी खंडोबाला वाहिलेली ही महाराची पोर पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात गेली आणि ब्राह्मण शाहीर व महार नर्तकी या जोडीने महाराष्ट्र वेडा केला. त्या वारल्या त्या १९३९ च्या डिसेंबरात. म्हणजे ज्या वर्षी एक नर्तकी सगळे सोडून या जिल्ह्यात आली, त्याच वर्षी याच जिल्ह्याची नर्तकी गेली. एकीला दुसरीचे नावही माहीत असण्याचे कारण नाही.

क्रास्कबाई नाच सोडू शकल्या. पवळाबाईंना, आणि त्यांच्यामागून आलेल्या शेकडो जणींना, घुंगरू सोडणे म्हणजे चूल विझणे. त्यांना कुणी विचारले नाही की बाई, आता तुझे पाय थकले, बस जरा, तुला आणखी काय करावेसे वाटते? सरकारने वृद्ध कलावंतांना मानधन सुरू केले हे ठीकच झाले, पण मानधन म्हणजे बसायला जागा नव्हे. संगमनेरच्याच कांताबाई सातारकरांनी मात्र ही जागा स्वतः करून घेतली. पती तुकाराम खेडकर गेल्यावर त्यांनी स्वतःचा फड उभा केला, वगात पुरुषांच्या भूमिकाही वठवल्या, पोरांना तयार केले. २०२१ च्या मेमध्ये करोनाने त्यांना नेले तेव्हा फड मुलाच्या हाती होता. आश्रम नाही, गुरू नाही, समुद्रापलीकडून बोलावणे नाही. तरी नाचणारीची शिकवणारी झाली. मला तर क्रास्कबाईंपेक्षा हे अवघड वाटते.

क्रास्कबाईंचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. १९४६ मध्ये बाबांनी त्यांना पुन्हा नाचाकडे पाठवले, आणि त्याही निमूट गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेची बॅले थिएटर ही मंडळी लंडनला आली होती; तिच्यात त्या शिक्षिका म्हणून रुजू झाल्या आणि अमेरिकेला गेल्या. १९५० पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बॅले-शाळेत, जूलियर्डमध्ये, मग मॅनहॅटन स्कूल ऑफ डान्समध्ये त्यांनी शिकवले. ज्या विद्येला सात वर्षे हात लावला नव्हता ती पुन्हा उचलली आणि वयाची ऐंशी उलटली तरी खाली ठेवली नाही. ‘द डान्स ऑफ लव्ह’ हे बाबांबरोबरच्या दिवसांचे पुस्तक १९८० साली आले. त्याच धर्तीचे दुसरे १९९० मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत, अमेरिकेत मर्टल बीच इथे, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या.

अरणगावला ३१ जानेवारीला बाबांची अमरतिथी असते. दुपारी बाराला हजारो माणसे पंधरा मिनिटे गप्प बसतात. एरवी पाच मिनिटेही गप्प न बसणारी आपली माणसे! तो पाव तास मी अनुभवला आहे, आणि त्या वेळी माझ्या मनात देवधर्माचे काही आले नाही. आठवला तो चेकेट्टींचा नेम. त्यांच्या पद्धतीत आठवड्याच्या प्रत्येक वाराचे धडे ठरलेले असतात. ते शिष्याला आवडोत न आवडोत, अंग दुखो न दुखो, सोमवारचे सोमवारी आणि मंगळवारचे मंगळवारी. तो वारांचा नेम बाई लंडनहून आमच्या माळावर घेऊन आल्या होत्या, आणि सात वर्षांनी न्यूयॉर्कच्या शाळेत, आडव्या दांड्याला धरून उभ्या असलेल्या मुलींना त्यांनी तोच सोमवारपासून सुरू करून दिला.